पंपाला शिकवलेलं थांबणं

आता हातगुण ही काय रसायनशास्त्रात बोलायची गोष्ट आहे का? डॉक्टरला असतो म्हणतात, स्वयंपाकघरातल्या एखाद्या बाईला असतो म्हणतात, तिथवर ठीक. पण जिथे कुणीही केलं, कधीही केलं, तरी तेच घडायला हवं, अशा ठिकाणी हातगुणाचं नाव काढायलाही लाज वाटली पाहिजे. तरी त्या औषधाच्या कारखान्यातल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत सगळे बिनदिक्कत म्हणायचे, की लोखंडाची ती रिअॅक्शन फक्त ताईंच्या हाताला येते.

ताई म्हणजे तिथल्या सगळ्यांत जुन्या केमिस्ट. पन्नाशीला टेकलेल्या, चष्मा कायम कपाळावर, आणि जीभ अशी फटकळ की नवीन माणूस पहिले काही दिवस त्यांच्या बाजूच्या दाराने आत यायला घाबरायचा. कुणी फ्लास्क नीट न वाळवता घेतला की त्या म्हणायच्या, "भाज्या धुवायला घेतलायस का रे हा?" पण शिकवायला बसल्या की हातचं राखायच्या नाहीत. त्यामुळे त्या दिसल्या की पोरं दबकायची आणि नाही दिसल्या की शोधायची.

रिअॅक्शन समजायला अवघड नव्हती. कार्बनचे दोन तुकडे आहेत आणि त्यांची गाठ मारायची आहे, एवढंच. एकाच्या टोकाला ब्रोमीन चिकटलेलं, दुसऱ्याच्या टोकाला मॅग्नेशियम. आपणहून ते एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत, मध्ये कुणीतरी लागतं. त्या कामाला सगळे पॅलेडियम वापरतात. ते महाग, आणि औषधात त्याचा अंश उरला तर काढता काढता नाकी नऊ येतात. ताईंच्या गटाने ठरवलं, आपण लोखंडाला कामाला लावायचं. ते स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि चिमूटभर मागे राहिलं तरी कुणाच्या जिवावर बेतत नाही. स्थळं जुळवणारी एखादी मावशी असते ना, तसं ते. एका हाताने एकाला धरायचं, दुसऱ्या हाताने दुसऱ्याला, दोघांचे हात एकमेकांत द्यायचे आणि लगेच पुढच्या जोडीकडे वळायचं.

पण लोखंड लहरी. मॅग्नेशियमवाला तुकडा जरा जास्त आत गेला की ते हावरटासारखं त्याच्यावर तुटून पडतं, अंगाखांद्यावर तुकडे घेतं, आणि मग त्याला ते सोसत नाही. पिवळं द्रावण तपकिरी होतं, तपकिरीचं काळं होतं, आणि तळाशी बसतो तो नुसता काळा चुरा. ते मेलेलं लोखंड. त्याच्याकडून पुढे काडीचं काम होत नाही. बरं, नेमक्या कुठल्या रूपातलं लोखंड ती गाठ मारतं, असं विचारायला जावं, तर जाणकारांचं आपसातच भांडण. जे रूप दिसतं ते काम करत नाही, आणि जे काम करतं ते दिसण्याइतका वेळ थांबतच नाही.

फ्लास्कमध्ये लोखंड आणि ब्रोमीनवाला आधीच असायचा, आणि त्यात मॅग्नेशियमवाल्याचं द्रावण पंपाने अगदी सावकाश, एका धारेत सोडलं तरी निम्म्यावर काळं व्हायचं. ताईंच्या हाताखालची पोरगी, जिला सतत प्रश्न विचारते म्हणून सगळे चिमणी म्हणायचे, तिने हाताने सोडलं, काळं. त्या विभागाचे साहेब एकदा बाह्या सरसावून उभे राहिले, तर असं काळं केलं की फ्लास्कच टाकून द्यावा लागला. आणि एके दिवशी पंप बिघडला होता म्हणून ताईंनी काचेची सिरिंज हातात घेतली, तर शेवटच्या थेंबापर्यंत द्रावण मधासारखं तपकिरी राहिलं आणि हवा तो पदार्थ भरभरून निघाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या दिवसापासून हातगुण सुरू झाला.

"ताई, एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवा, माझंही काहीतरी जुळेल," असं कुणीतरी म्हणायचं. ताई म्हणायच्या, "डोक्यात काही असेल तर ठेवते." सगळे हसायचे. ताईही हसायच्या, आणि उजवा हात कोटाच्या खिशात घालायच्या.

कारण हाताचं खरं काय होतं, ते ताईंना ठाऊक होतं.

त्यांचा उजवा अंगठा दमायचा. सिरिंजचा दांडा थोडा दाबला की अंगठ्यातलं बळच जायचं. मग त्या थांबायच्या. फ्लास्ककडे बघत असल्याचा आव आणून श्वास घ्यायच्या, अंगठ्यात जीव आला की पुन्हा थोडं दाबायच्या. जितकं पुढे जावं तितकं थांबणं लांबायचं. आजाराचं नाव लांबलचक होतं. डॉक्टर भला माणूस होता, त्याने तोंडदेखलं काही सांगितलं नाही. म्हणाला, "हे वाढत जाणार. किती सावकाश, ते मला सांगता येणार नाही. थांबवायला आमच्याकडे काही नाही." ताईंनी विचारलं, "हात वापरला नाही तर?" तो म्हणाला, "तरीही."

हे ऐकायला त्यांना डॉक्टरकडे जायची खरं तर गरजच नव्हती. त्यांनी ते सगळं घरात बघितलं होतं. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर असं की दोरी लावून काढल्यासारखं. मग त्यांचा हात दमायला लागला, आणि रेघ मध्येच लचकायला लागली. त्यांनी काय केलं, तर सगळीच अक्षरं नागमोडी काढायला सुरुवात केली, म्हणजे चूक कुठली आणि वळण कुठलं ते कुणाला कळू नये. आणि गंमत अशी, की लोकांना ती अक्षरं भारी आवडली! "काय वळण आहे हो तुमच्या हाताला," असं म्हणत दुकानदार आपल्या जुन्या सरळ पाट्या काढून नवीन नागमोडी पाट्या करून घ्यायला लागले. वडील मान डोलवायचे. रंगाचा डबा धरून शिडीखाली उभी असलेली ताई तेव्हा एवढीशी होती, पण तिला माहीत होतं, बाबांना दुसरं काही येतच नाहीये आता. पुढे तेही येईनासं झालं. तोवर गावातले बाकीचे रंगारी चांगल्या धडधाकट हातांनी तशीच नागमोडी अक्षरं काढायला शिकले होते.

तर ताईंनी ही गोष्ट घरात फक्त नवऱ्याला सांगितली होती. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि प्रत्येक गोष्टीवर विनोद करायचा. सकाळी ताईंच्या मनगटाचं बटण लावून देताना म्हणायचा, "इतकी वर्षं झाली लग्नाला, आता कुठे सेवा करायची संधी मिळाली."

"सांगून टाक गं ऑफिसात," असंही तो म्हणायचा.

"सांगितलं की बेंच गेलं. मग हाताने प्रयोग करणं बंद."

"बेंच म्हणजे काय आयुष्य आहे का?"

ताई दुसरं मनगट पुढे करायच्या. तो मुकाट्याने दुसरं बटण लावायचा.

एका दुपारी साहेबांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. खाली कारखान्यात मोठ्या रिअॅक्टरमध्ये ही रिअॅक्शन न्यायची होती, आणि रिअॅक्टरला काही ताई लावता येत नाहीत. कारखान्याकडून इंजिनिअर आला होता. आवाज एवढा मोठा, की सगळे त्याला बॉयलर म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

"मला हातगुण नको, मला आकडे द्या," बॉयलर म्हणाला. "किती, कधी, कसं. बाकी मी बघतो."

आणि चिमणी उठली. तिने काय केलं होतं, तर ताई सिरिंज चालवत असताना शेजारी मोबाइल उभा करून सगळं चित्रीकरण केलं होतं. ताईंना माहीत होतं, पण त्यांना वाटलं होतं, पोरगी रंगासाठी करत असेल. चिमणीने त्यातला थेंब न् थेंब मोजून त्याचा आलेख काढला होता. तो पडद्यावर आला आणि ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. पंपाची रेघ सरळ चढण. ताईंची रेघ म्हणजे जिना. थोडं चढ, थांब, थोडं चढ, थांब. आणि वरवर जाताना पायऱ्या रुंद होत गेलेल्या.

"ताई थांबतात!" चिमणी म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "आणि बघा सर, मी दोन्हीकडचे नमुने मध्येच काढून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवले आणि विद्यापीठातल्या एका यंत्रावर तपासायला पाठवले. गोठलं की लोखंड जिथे असेल तिथे अडकतं, मग त्याची अवस्था वाचता येते. पंपाच्या नमुन्यात लोखंडाच्या अंगावर तुकड्यांची नुसती गर्दी. ताईंच्या नमुन्यात, त्या थांबलेल्या असताना, मोजकेच तुकडे घेतलेलं लोखंड दिसतं. ते पंपात कधीच दिसत नाही. म्हणजे थांबल्यावर त्याला ब्रोमीनवाल्याला गाठायला सवड मिळते. आपण त्याला खाऊ घालत सुटलो होतो, सर. त्याला दम खायला वेळच देत नव्हतो."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. ताईंनाही, भीती बाजूला सारून, एक क्षण अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्याच्या मागे लागलो ते हे. पोरीने पकडलं.

मग बॉयलर ताईंकडे वळला. "पण ताई, तुम्ही थांबता कशावरून?"

सगळे ताईंकडे बघायला लागले. आता खरं सांगायला हीच वेळ होती, आणि ताईंना ते कळत होतं. त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"रंगावरून," त्या म्हणाल्या. "सोडलं की गडद होतं. जरा थांबलं की रंग परततो. परतला की पुढे सोडते. त्यात काय एवढं!"

"बघा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात अनुभव. आमची नुसती नजर जाते, आणि यांना दिसतं."

चिमणीने टाळ्या वाजवल्या. ताईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

खोटं बोलणं एक वेळ सोपं. पण खोट्यावर लोक काम करायला लागले की काय करायचं? बॉयलरने रिअॅक्टरच्या काचेच्या खिडकीवर कॅमेरा बसवायला घेतला. रंग ओळखायचा, गडद झाला की पंप बंद, रंग परतला की पंप चालू. चिमणी त्याला रंगाच्या छटा शिकवत बसायची. दिवसातून कितीदा तरी ती धावत यायची, "ताई, हा परतलेला म्हणायचा की अजून थांबायचं?" ताई बघायच्या आणि काहीतरी सांगायच्या. त्यांनी आयुष्यात त्या रंगाकडे बघून कधीही काही ठरवलं नव्हतं. पण रोज सांगता सांगता त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, की कोण जाणे, रंगानेही होईल. छोट्या भांड्यात करून बघितलं तर अगदीच काळं झालं नाही, बरं म्हणावं एवढं निघालं. साहेब म्हणाले, मोठ्यात सुधारेल. ताई रोज सकाळी ठरवायच्या, आज सांगायचं. रोज संध्याकाळी पर्स उचलून घरी जायच्या. आणि इकडे अंगठा दिवसेंदिवस लवकर हार मानत होता.

मोठी बॅच लावली त्या दिवशी सगळे खाली जमले. सुरुवातीला खिडकीत छान मधाळ तपकिरी दिसत होतं. पंप थांबत होता, चालत होता. बॉयलर खूश होऊन म्हणाला, "अहो ताई, तुमचा डोळाच बसवलाय मी इथे!" निम्म्यापुढे गेलं तसं थांबणं लांबायच्या ऐवजी तेवढंच राहिलं. रंग कसा लगेच परतत होता, कॅमेऱ्याला तो पुरेसा वाटत होता, पंप पुन्हा चालू होत होता. ताईंना ते दिसत होतं. त्यांच्या मनात आलं, थांबवा रे, आता जास्त थांबायचं असतं. पण का, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि मग खिडकीत काळी रेघ उठली, ढवळणाऱ्या पात्याबरोबर फिरली, आणि बघता बघता सगळी खिडकी काळी झाली. बॉयलरचा आवाज बसला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत त्याचं खापर चिमणीवर फुटलं. दुसरं कुणावर फुटणार? पंप पंपासारखा चालला होता, ताईंची नजर तर वादातीत. राहिले ते रंग, आणि ते शिकवले होते चिमणीने.

"ताईंनी सांगितलेलं तुला नीट टिपता आलं नाही," साहेब म्हणाले. ते ओरडणारे नव्हते, पण आवाजात धार होती. "वरून मला विचारतायत, एवढी मोठी बॅच एका नवख्या पोरीच्या भरवशावर सोडलीच कशी. मी काय सांगू?"

चिमणीची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती मान खाली घालून उभी होती. "माझंच चुकलं असेल, सर," ती म्हणाली. "ताई प्रत्येक वेळी सांगत होत्या. मलाच दिसत नव्हतं त्यांना दिसतं ते."

ताईंना ते ऐकवेना. तरीही, काय सांगावं, त्या कपाळावरचा चष्मा काढून नुसत्या पुसत राहिल्या. साहेबच म्हणाले, "ताई, तुम्ही एकदा पुन्हा करून दाखवा. आज, आत्ता. ही शेजारी उभी राहील आणि डोळ्यांत तेल घालून बघेल."

नाही म्हणता आलं असतं. पण ताई उठल्या आणि प्रयोगशाळेत गेल्या. काचेची भांडी वाळवलेली होती, हवा आत येऊ नये म्हणून नायट्रोजन चालू केला, लोखंडाचं पिवळं द्रावण बर्फात ठेवलं. वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर, म्हणजे हुडसमोर, उभं राहून त्यांनी सिरिंज उचलली. पहिला थोडा भाग गेला. पिवळ्याचं तपकिरी झालं. त्या थांबल्या. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "बघ, बघ, रंग बघतायत." ताईंनी अंगठा पुन्हा दांड्यावर टेकवला आणि दाबला. दांडा हलला नाही. पुन्हा दाबला. अंगठा दांड्यावर नुसता ठेवल्यासारखा पडून राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. त्यांनी डावा हात मदतीला आणला, तशी सिरिंज कलली, आणि सुईच्या टोकाचा थेंब बाहेर पडून हवा लागताच धूर सोडायला लागला. चिमणीने झटकन पुढे होऊन सिरिंज धरली. तिचा हात ताईंच्या हातावर पडला, आणि त्या हातात बळ नाही हे तिला कळलं. तिने वळून ताईंच्या तोंडाकडे बघितलं.

"होत नाही गं," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, हुडच्या काचेकडे बघत. की रंग वगैरे काही नव्हतं. की हात दमतो. की दमला की थांबतात, आणि जसजसा जास्त दमतो तसं जास्त थांबतात. की बाबांचंही असंच होतं. "मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "या पोरीचं काही चुकलेलं नाही. मी सांगेन तो रंग तिने शिकवला, आणि मी मनाचं सांगत होते."

साहेब खुर्ची ओढून बसले. आणि या सगळ्यात चिमणी एकदम म्हणाली, "म्हणजे थांबणं लांबत जातं ते दमल्यामुळे… पण ताई, ते तर…"

ताईंच्या मनातही नेमकं तेव्हाच ते आलं. चिमणीने वाक्य सोडलं ते त्यांनी उचललं. "ब्रोमीनवाला कमी कमी होत जातो," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला तो ढीगभर असतो, लोखंडाला लगेच सापडतो. शेवटी शेवटी थोडाच उरतो, शोधायला वेळ लागतो. रंग आधीच परततो, पण तो फसवा. लोखंड तेव्हा नुसतं हलकं झालेलं असतं, त्याला अजून कुणी भेटलेलं नसतं."

"म्हणून वरच्या पायऱ्या रुंद!" चिमणी ओरडली. "ताई, तुमचा हात आणि ते लोखंड एकाच वेगाने दमत होते!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ताईंना हसू आलं. खोटं कशाला सांगा, आनंदच झाला, निखळ. इतकी वर्षं जगभरचे लोक ज्याच्यावर भांडत होते त्याचा एक तुकडा असा लख्ख समोर आला होता, आणि तो दोघींनी मिळून बोलून दाखवला होता. मग चिमणीला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी ताई, मी…"

"सॉरी काय, बरोबर आहे ते," ताई म्हणाल्या. "आधी तो फ्लास्क बंद कर."

साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ताईंनी भांडायची तयारी ठेवली होती. पण साहेबांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, आता तुम्ही बेंचवर उभं राहायचं नाही."

"मी डाव्या हाताने…"

"आज थेंब सांडला. उद्या सिरिंज सांडेल. आग लागेल. तुमचा जीव आहे, आणि शेजारी ती पोरगी उभी असते."

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ताईंनी हेच म्हटलं असतं, आणि याहून कडक शब्दांत. साहेबांनी त्यांना सल्लागार केलं. खिडकीजवळ टेबल दिलं, खुर्ची चांगली गुबगुबीत दिली. "तुमचं डोकं आम्हाला हवंय," ते म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. ताईंच्या हुडची चावी चिमणीकडे गेली. ती घ्यायला ती तयारच नव्हती, ताईंनीच तिच्या कोटाच्या खिशात टाकली.

घरी गेल्यावर ताईंनी नवऱ्याला सांगितलं. त्याने विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो त्यांचं मनगटाचं बटण सोडवायला लागला, आणि त्यालाही ते सोडवता येईना, कारण त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"सांगून टाक म्हणत होतास ना," ताई म्हणाल्या. "टाकलं सांगून."

"हो गं."

"आता?"

अख्ख्या जगाचे नकाशे पाठ असलेला माणूस, तो बायकोचं मनगट हातात घेऊन नुसता बसून राहिला.

बॉयलरने कॅमेरा काढून टाकला. ताईंचा तो जुना जिना, चिमणीने चित्रीकरणातून काढलेला, त्याने मोठ्या रिअॅक्टरच्या मापाने ताणून पंपात भरला. कुठे किती सोडायचं, कुठे किती थांबायचं, जसंच्या तसं. नव्या बॅचच्या दिवशी साहेबांनी ताईंना हाताला धरून खाली नेलं. त्यांना जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

पंप सुरू झाला. थोडं सोडून थांबला. खिडकीत तपकिरी रंग हळूहळू फिरत होता. पुन्हा थोडं सोडलं, पुन्हा थांबला, आधीपेक्षा जरा जास्त. ताईंनी बघितलं, आणि त्या सगळ्या विश्रांती त्यांच्या ओळखीच्या होत्या. ही, जेव्हा त्यांनी चष्मा वर करायचं निमित्त केलं होतं. ही, जेव्हा चिमणीने काहीतरी विचारलं होतं आणि त्यांनी मुद्दाम लांबलचक उत्तर दिलं होतं. ही मोठी, जेव्हा अंगठ्यात पहिल्यांदा मुंग्या आल्या होत्या.

"अहो ताई, बघा तरी!" बॉयलर त्याच्या त्या आवाजात ओरडला. बिचाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो हरखून गेला होता. "तुमचा हात कसा झकास चाललाय!"

सगळे हसले, टाळ्या वाजल्या. चिमणी तेवढी हसली नाही. ताईंना वडील आठवले. ते अंथरुणाला खिळायच्या आधी एकदा ताई त्यांना धरून बाजारातून नेत होती. एका नव्या दुकानावर दुसऱ्याच कुणीतरी काढलेली नागमोडी पाटी होती. वडील तिथे थांबले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "छान काढलीय गं." तेव्हा तिला त्यांचा राग आला होता. चिडायचं सोडून कौतुक कसलं करतात, असं वाटलं होतं.

कुणीतरी चहाचा कप पुढे केला. ताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"काळं होत नाहीये," साहेब पुटपुटले. "ताई, काळं होत नाहीये."

"छान चाललंय," ताई म्हणाल्या.

मग पंप शेवटच्या थांब्यावर आला. हे थांबणं सगळ्यांत लांब होतं. यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. बॉयलर अस्वस्थ होऊन पडद्याकडे बघायला लागला, बंद तर पडला नाही ना म्हणून. चिमणीने त्याला हाताने खुणावलं, थांबा. ताईंना ते थांबणं आठवत होतं. त्या दिवशी सिरिंजमध्ये अगदी थोडं उरलं होतं आणि अंगठा हललाच नव्हता. त्यांनी दाबलं होतं, पुन्हा दाबलं होतं, आणि चिमणीच्या मोबाइलसमोर, चेहरा अगदी शांत ठेवून, त्यांना वाटलं होतं, संपलं, आता हा पुन्हा कधीच हलणार नाही. किती वेळ त्या तशा भीतीने गारठून उभ्या होत्या, ते त्यांना त्या वेळी कळलं नव्हतं. आता कळत होतं. तेवढाच वेळ पंप थांबला होता.

चहा कपातून हिंदकळून त्यांच्या बोटांवर आला. पंप सुरू झाला.